आमच्या टेकडीवरचा क्लाइंबिंगचा गट सगळ्यांचा कसा होईल?

गोटेवाला
नमस्कार मंडळी. नागभीड-सिंदेवाही पट्ट्यातल्या एका गावाबाहेर टेकडी आहे. तिथे आम्ही तीन हिवाळ्यांपासून दर रविवारी क्लाइंबिंग करतो. अकोला-बुलढाण्याकडच्या मंडळींसाठी सांगतो, आमच्याकडे तुमचा काळा बसाल्ट नाही. इथला दगड त्याच्याहून कितीतरी जुना, खरबरीत, राखाडी. घराएवढाले गोटे एकमेकांना टेकून उभे आहेत. डिसेंबरच्या सकाळी बोटं काय छान धरतात त्यावर! एप्रिलमध्ये मात्र हात ठेववत नाही.

नागपुरात शिकताना कृत्रिम भिंतीवर चढायला शिकलेल्या आम्ही चौघांनी हे सुरू केलं. दोन दोर, सहा हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), सहा हेल्मेट, शूजचे पाच जोड. वरच्या पक्क्या गोट्यांना अँकर (दोर अडकवायचा आधार) बांधून टॉप रोप लावतो. म्हणजे दोर वरून आलेला असतो, हात सुटला तरी माणूस थोडा खाली येऊन लटकतो, पडत नाही.

परवा हजेरीची वही चाळत होतो. टिकून असलेली नावं १४. एकदा-दोनदा येऊन परत न आलेली ३१. टिकलेल्यांत १२ मुलगे, बहुतेक तालुक्याच्या गावातले, मोटरसायकलवाले. न टिकलेल्यांत मुली जास्त, आश्रमशाळेतली पोरं, टेकडीखालच्या गावातलीच पोरं, आणि एक पाय गुडघ्याखाली नसलेला एक मुलगा. आम्ही फी घेत नाही. कोणाला नको म्हटलेलं नाही. नवीन माणसाला सगळ्यात आधी चढायला देतो. तरी असं का होतं? ज्यांनी असे गट चालवलेत त्यांनी खरं खरं सांगा. मला वाईट वाटणार नाही.

वेणू_वर्धा
वही ठेवता हीच मोठी गोष्ट. एक विचारते. नवीन मुलगी आली की काय काय होतं ते क्रमाने सांगा.

गोटेवाला
@वेणूताई, नाव लिहितो. हार्नेस घालून देतो. गाठ आम्हीच बांधतो, आम्हीच तपासतो. सोपा मार्ग देतो. ती चढते, सगळे टाळ्या वाजवतात, सावकाश खाली घेतो. मग पुढच्याचा नंबर.

वेणू_वर्धा
आणि त्यानंतरचे तीन तास?

गोटेवाला
बसते. बघते.
(हे लिहिताना थांबलो. हो, बसूनच असते.)

चिखलदऱ्याचा_वारा
मी थोडं वेगळं बोलतो. गळती सगळीकडे असते. बोटांची सालं निघतात, टोंगळे फुटतात, उन्हातान्हात उभं राहावं लागतं. हा खेळ आवडणारे मुळातच थोडे. त्यासाठी स्वतःला दोष देत बसू नये. आणि 'सगळ्यांना सामावून घ्या' म्हणता म्हणता सुरक्षेत ढिलाई येते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दोरावर माणूस असताना भावनेने काम चालत नाही.

मेळघाटची
@वारा, गळती असते, मान्य. पण गळणारे सगळे एकाच बाजूचे कसे? भाऊंचा प्रश्न तो आहे.

भाऊ, तुमचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. धानाची कापणी-मळणी त्यातच येते. फेब्रुवारीनंतर थोडं लांबवायचं म्हटलं तर मोह. मोहाची फुलं पहाटे पडतात, ती सकाळीच वेचावी लागतात, आणि वेचायला घरातल्या पोरीच जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता. ज्याच्या घरी वावर नाही किंवा नोकरी आहे, त्यालाच रविवारची सकाळ मोकळी असते. तुमचे टिकलेले १४ कोणत्या घरचे आहेत ते पाहा.

आमच्याकडे धारणी भागात आम्ही वेळ बदलली. गटातली कोरकू पोरं म्हणाली, बाजाराच्या दिवशी दुपारनंतर चालेल, तसाही त्या दिवशी कामाला खाडा असतो. हिवाळ्यात तीननंतर पश्चिमेकडे पाठ असलेला दगड सावलीत जातो. आम्हाला तेवढं पुरतं.

झाडीचा_पोट्टा
मेळघाटची ताई, एक राहिलंच. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई (जत्रा) आणि नाटकं सुरू होतात. शनिवारी रात्रभर नाटक पाहून आलेला गडी रविवारी सकाळी सहाला दगडावर? त्याला दोर धरायला देऊ नका म्हंजे झालं! पण चेष्टा सोडा, रात्र जागलेल्या माणसाने बिले करू नये, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून धरू नये, हे खरंच नियमात लिहा.

अंजनगावचा_बापू
मी काई चढणारा मानूस नाई. पोरगं चढते म्हून हा धागा वाचून रायलो. आमच्या गावात आग्या मोहोळ काढनारे दोघं भाऊ होते. कड्यावरून दोरानं खाली उतरत. त्याईचा एक कायदा होता. वर दोर धरनारा नेहमी साळा, बायकोचा भाऊ. मी इचारलं, असं काहून? तर म्हने, बहिनीचं कुंकू त्याच्या हातात हाये, थो दोर सोडन का? मले तवा हसू आलं. आता वाटते, हुशार होते. दोर धरनारा कोन, यावरच सारं हाये. तुमी पोरीईले दोर धरू देता का, येवढंच सांगा.

रोवणीवाली
गोटेवाला दादा, त्या ३१ नावांत माझं नाव आहे. कोणती मी ते सांगत नाही, तुम्हाला कळेलच.

बापूंनी विचारलं म्हणून लिहिते. मी पाच रविवार आले. वहीत दोनदाच असेल, कारण बाकीच्या वेळी चढायला नंबर लागला नाही, आणि वहीत चढणाऱ्यांचीच नावं लिहितात. मला दोर धरायला कधीच मिळाला नाही. मी मागितला होता. सांगितलं, तू हलकी आहेस, वरचा पडला तर तूच उचलली जाशील. ते खरंही असेल. पण मग मी तिथे पाहुणी झाले. पाहुणीसारखं टाळ्या घ्यायच्या, चहा प्यायचा आणि घरी जायचं. घरी आई विचारायची, दिवसभर काय केलं? मी काय सांगू? एकदा चढले, दहा मिनिटं.

दुसरं. माझा चढतानाचा फोटो गटाच्या पानावर आला. खालून काढलेला होता. काही वाईट हेतू नव्हता, मला ठाऊक आहे. पण तो गावात मोबाईलवर फिरला, काकांनी पाहिला, आणि संपलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

तिसरं लिहू की नको असं झालंय, पण लिहिते. हार्नेस. सलवारीवरून तो घातला की कापड गोळा होतं आणि रुततं. बदलायला आडोसा नाही. टेकडीवर लघवीला जायला झुडपंसुद्धा नाहीत, म्हणून मी सकाळपासून पाणी प्यायचे नाही. मला दगड फार आवडायचा. अजूनही शेताकडून जाताना तो मार्ग दिसतो, डाव्या भेगेचा. त्याच्यावर तिसऱ्या हाताला एक खोबण आहे, तिथे माझी चारही बोटं बसायची.

गोटेवाला
तुझी माफी मागतो, ताई. फोटो आत्ताच काढून टाकला. नुसता तुझा नाही, ज्यांना विचारलं नव्हतं त्या सगळ्यांचे काढले. बाकीचं सावकाश लिहितो. वहीत फक्त चढणाऱ्यांची नावं लिहितो हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

वेणू_वर्धा
रोवणीवाली, लिहिलंस ते बरं केलंस.
पाणी न पिण्याबद्दल: हे आम्हा सगळ्या जणींचं आहे, आणि डिसेंबरातही आपल्याकडे दुपारचं ऊन लागतं. चार बांबू आणि एक जुनी ताडपत्री एवढ्यात आडोसा होतो. आमच्याकडे पहिल्या माणसाने टेकडीवर पोचलं की दोराच्या आधी आडोसा उभा करायचा. कपड्यांचं म्हणाल तर सैल ट्रॅकपँट आणि वर लांब टीशर्ट. दोन-तीन मापांच्या ट्रॅकपँट गटाच्या पेटीत ठेवा, म्हणजे कोणाला विकत आणायला सांगावं लागत नाही. ओढणी आणि मोकळी वेणी बिलेच्या यंत्रापासून लांब हवी. हे मुलींना सांगताना ओरडून नाही, पहिल्याच दिवशी सगळ्यांना मिळून सांगावं. मुलांच्या गळ्यातले गमछेही त्यातच आले.

चिखलदऱ्याचा_वारा
@रोवणीवाली, तुझी पोस्ट दोनदा वाचली. वरच्या प्रतिसादात मी सुरक्षेचं बोललो, तर त्याच अंगाने उत्तर देतो. हलकी आहेस म्हणून बिले नाही, हे अर्धवट ज्ञान आहे. उत्तर तांत्रिक आहे आणि स्वस्तही.

एक, टॉप रोपमध्ये दोर वर अँकरच्या कॅराबिनरमधून (धातूच्या कडीतून) वळून येतो. त्या घर्षणामुळे खालच्या माणसावर चढणाऱ्याचा पूर्ण भार येतच नाही. दोन, वजनात फारच फरक असेल तर बिले करणाऱ्याला जमिनीलगतच्या गोट्याला किंवा झाडाच्या बुंध्याला स्लिंगने (मजबूत पट्ट्याने) मागे बांधून ठेवायचं, दोराच्या रेषेत, ढिला न सोडता. मग ती उचलली जात नाही. तीन, शिकत असताना मागे दुसरा माणूस ब्रेकच्या बाजूचा दोर हातात धरून उभा राहतो. असं करून ४२ किलोच्या मुलीने ७५ किलोच्या गड्याला शांतपणे खाली घेतलेलं मी पाहिलंय. तो गडी मीच होतो.

तेव्हा माझं मत बदलतो. सुरक्षा नीट शिकवली तर माणसं आत येतात. ती अर्धवट असली की तिच्या नावाखाली कोणीतरी बाहेर बसतं.

झाडीचा_पोट्टा
+१. बापूच्या मोहोळवाल्याचा साळा इथे कामाला आला.

फिजिओ_यवतमाळ
पाय नसलेल्या मुलाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तो चढू शकला नाही, की पोचू शकला नाही?

गोटेवाला
@फिजिओ, चढला. बऱ्यापैकी चढला. रस्त्यापासून दगडापर्यंत अर्धा तास चढ आहे, मुरूम सुटलेला. तिथे मात्र त्याचे हाल झाले. परतताना दोनदा पडला.

फिजिओ_यवतमाळ
मग अडचण दगडाची नाही, पायवाटेची आहे. आपण चढाईच्या अवघडपणाचाच विचार करतो, पण कुबडी किंवा कृत्रिम पाय असलेल्याचा दम वाटेतच जातो. रस्त्यालगत एखादा गोटा शोधा, भले बारा फुटांचा असो. खाली जमीन सपाट करून बोल्डरिंग (कमी उंचीवर दोराविना चढणं) करा, किंवा टॉप रोप लावा. गट महिन्यातून एकदा तिथे भरवा, पण सगळ्यांचा. 'त्याच्यासाठी वेगळा' असा नको.

कृत्रिम पायाने चढणारे बरेच जण त्याच्यावर लहान मापाचा क्लाइंबिंग शू चढवतात. काही जण पाय काढूनच चढतात. त्याला काय जमतं ते त्याला ठरवू द्या. हार्नेसचा पट्टा कुठे घासत असेल तर फडक्याची घडी द्या आणि उतरल्यावर खुंटाची कातडी तपासा, कारण तिथली जखम लवकर भरत नाही आणि मग महिनाभर पाय घालता येत नाही.

त्याला हेही सांगा की पॅराक्लाइंबिंग नावाचा खेळ जगात खेळला जातो आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा असणार आहे. आपल्याच देशातले, बंगळूरचे मणिकंदन कुमार, पोलिओने एक पाय अधू असताना पॅराक्लाइंबिंगचं जागतिक सुवर्णपदक घेऊन आले. न दिसणाऱ्यांचाही वेगळा गट असतो. खालून एक जण बोलून वाट सांगतो. आम्ही एका अंध मित्राला घड्याळावरून सांगायचो, 'डावा हात, दहा वाजता, कोपराएवढा लांब'. तो वर पोचून म्हणाला, दगड असा सांगता येतो हे मला माहीत नव्हतं. डोळे असलेल्या आम्हालाही ते नवीनच होतं.

मास्तर_गोंदिया
आश्रमशाळेच्या पोरांविषयी. २०१८ च्या मे महिन्यात आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य' मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. तेव्हा आमच्या शाळेतल्या पोरांचे डोळे बघायला हवे होते. मी त्याच आठवड्यात वर्गात नकाशा लावला. पण नंतर एका मुलाने विचारलं, 'सर, आपल्याला कुठं चढता येईल?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमची टेकडी ते उत्तर आहे, म्हणून कळकळीने लिहितोय.

आश्रमशाळेतलं मूल रविवारी एकट्याने बाहेर पडू शकत नाही. अधीक्षकांची परवानगी, सोबत एक शिक्षक, जेवणाच्या वेळेआधी परत. हे तुम्ही शाळेत जाऊन ठरवायचं आहे, पोरांनी नाही. एक शिक्षक तुमच्या गटात शिकायला घ्या. तो आला की पोरं येतात. लहान मुलांना कमरेचा हार्नेस एकटा घालू नका. त्यांची कंबर अरुंद, वरचा भाग जड, डोकं खाली झालं तर निसटतात. पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो.

आणि भाषा. माझ्या वर्गात माडिया आणि गोंडी बोलणारी पोरं आहेत. मराठी त्यांची दुसरी भाषा. त्यांच्यावर 'ऑन बिले' (दोर धरलाय), 'टेक' (दोर खेच), 'स्लॅक' (दोर ढिला सोड) असं ओरडलं की ती गप्प होतात, आणि दोरावर गप्प झालेलं मूल मला भीती घालतं.

मेळघाटची
आम्ही पतंगाचे शब्द घेतले. ढील आणि खेच. कोणालाच शिकवावे लागले नाहीत.

झाडीचा_पोट्टा
'ढील' म्हटलं की आमचे पोट्टे आधी आभाळात पाहतील, पतंग कुठाय म्हणून.

चिखलदऱ्याचा_वारा
कल्पना चांगली, पण इथे मी अडून बसणार. उद्या हीच मुलं नागपूर-पुण्याच्या गटाबरोबर चढतील, स्पर्धेला जातील. तिथे खालचा माणूस 'खेच' ऐकून गोंधळला तर? इंग्रजी शब्द लांबूनही वेगळे ऐकू यावेत म्हणून ठरलेले आहेत.

मेळघाटची
वारा दादा, मग दोन्ही. घरच्या दगडावर घरचे शब्द, तिसऱ्या महिन्यापासून इंग्रजी शब्दांचाही सराव. मात्र एका दिवशी एका दोरावर एकच संच, आणि तो चढण्याआधी दोघांनी मोठ्याने म्हणून पाहायचा. शब्दापुढे समोरच्याचं नाव लावायचं, म्हणजे शेजारच्या दोरावरचा माणूस ढील देत नाही. नाव लावल्याचा आणखी एक फायदा झाला. सगळ्यांना सगळ्यांची नावं पाठ झाली.

चिखलदऱ्याचा_वारा
हे पटलं.

टेकडीखालचा
मी त्या टेकडीच्या गावचा नाही, पण अशाच एका टेकडीखाली राहतो. टेकडी कोणाची आहे, ते कोणीच बोलून राहिलं नाही. आमच्या गोट्याला शेंदूर लावलेला वाघोबा आहे. बाहेरची पोरं आली, गोट्यावर हाताला लावायच्या चॉकच्या भुकटीची पांढरी बोटं उमटवून गेली. बुढ्या माणसांना ते लागलं. कोणी भांडलं नाही. पण मग गावानं आपली पोरं पाठवली नाहीत. तुमच्या वहीत 'गावातली पोरं टिकत नाहीत' असं लिहिलं जाते, त्याचं कारण कधी कधी हे असते.

आणि पाणी. डब्याला कोण कोणाजवळ बसते, कोणाच्या बाटलीतलं कोण पिते, हे खेड्यात साऱ्यांना दिसते. एका गटात मी पाहिलं, एका वस्तीतली दोन पोरं आपला डबा घेऊन दुसऱ्या गोट्यामागे जात. कोणी त्यांना उठवलं नव्हतं. कोणी बोलावलंही नव्हतं. पुढच्या महिन्यात ती आलीच नाहीत.

वेणू_वर्धा
@टेकडीखालचा, हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आधी करायचं. आम्ही डबे बंद केले. एकच पातेलं, दर वेळी दोघं मिळून पोहे नाहीतर खिचडी करतात, जोड्या चिठ्ठी टाकून. पहिल्या दोन वेळा एक जण 'उपास आहे' म्हणून जेवला नाही. आम्ही वाद घातला नाही, पातेलंही बदललं नाही. तिसऱ्या वेळी त्याची चिठ्ठी निघाली, त्याने स्वतः फोडणी घातली.

अंजनगावचा_बापू
वा वेणूताई! येक इचारतो. माह्याजवळ विहिरीवरचा नायलॉनचा दोर हाये, चांगला जाड, नवाच. गटाले देऊ का? पैसा वाचन.

चिखलदऱ्याचा_वारा
बापू, मन मोठं आहे, पण तो दोर नका देऊ. विहिरीचा दोर माणसाच्या पडण्याचा झटका गिळायला बनवलेला नसतो. चढाईचा दोर झटका गिळण्यासाठी लवचीक केलेला असतो, त्याच्यावर ईएन ८९२ असा मानकाचा आकडा छापलेला असतो. हार्नेसवर ईएन १२२७७ पाहावा. कोणी जुना दोर, जुना हार्नेस दान देत असेल तरी हात जोडून नाही म्हणावं, कारण तो कुठे कसा वापरला ते कळत नाही. शूज मात्र जुने बिनधास्त घ्यावेत, विशेषतः लहान मापांचे. मुलींच्या मापाचे शूज गटांत नसतात, आणि दोन मापं मोठा शू घालून कोणालाही चढता येत नाही.

अंजनगावचा_बापू
बरं. मंग पोह्याचं पातेलं देतो. मोठं हाये, चाळीस मानसाचं.

गोटेवाला
मंडळी, सात आठवड्यांनी लिहितोय.

आधी टेकडीखालच्या गावात गेलो. दगड न दाखवता विचारलं, कुठे चढू आणि कुठे नको? एका आजीने तीन गोटे दाखवले, म्हणाल्या हे सोडा. त्यातल्या एकावर आमचा सगळ्यात आवडता मार्ग होता. सोडला. त्याच आजींचा नातू आता येतो. त्याने आम्हाला मागच्या अंगाला एक भिंत दाखवली, जी तीन वर्षांत आम्हाला दिसली नव्हती. एका कोपऱ्यात आग्या मोहोळ आहे, तेवढा भाग दोरी लावून बंद ठेवलाय.

वही बदलली. आता तीन रकाने आहेत: चढलं कोण, दोर धरला कोणी, शिकवलं कोणी. दुसऱ्या रकान्यात नाव नसलेला माणूस दिसला की पुढच्या खेपेला दोर आधी त्याच्या हातात. नवीन माणूस पहिल्याच दिवशी आठाची गाठ शिकतो आणि जमिनीवर रिकाम्या दोरावर बिलेचा सराव करतो, मग बांधलेला आणि मागे दुसरा माणूस उभा असलेला असा खरा दोर धरतो. चढणं त्यानंतर. आमच्यातल्या दोघांना हे आवडलं नाही, चढायला कमी मिळतं म्हणाले. खरं आहे, कमी मिळतं. त्यातला एक अजून येतो, दुसरा नाही.

वेळ बुधवारच्या बाजाराच्या दिवशी दुपारी तीन. नोकरीवाल्यांसाठी रविवार महिन्यातून एकदाच ठेवलाय. आडोसा उभा राहिला. बापूंचं पातेलं एसटीने आलं, कंडक्टरने तिकीट मागितलं, झाडीच्या पोट्ट्याने दिलं.

पायाच्या मुलाला भेटलो. रस्त्यालगतचा गोटा त्यानेच पाहून ठरवला, मी दाखवलेला त्याला फार सोपा वाटला. आश्रमशाळेचं अजून जमलेलं नाही. परवानगीचा कागद दोनदा परत आला. मास्तर, तुम्ही एक दिवस सोबत याल का?

रोवणीवाली
दादा, डाव्या भेगेचा मार्ग त्या सोडलेल्या तीन गोट्यांत आहे का?

गोटेवाला
नाही ताई. तो आहे. तिसऱ्या हाताची खोबण पण तशीच आहे, मी कालच पाहून आलो.

रोवणीवाली
मग बुधवारी येते. आई पण येणार आहे, बाजारातून परस्पर. तिला आधी पाहायचंय की दोर कोण धरतं.

वेणू_वर्धा
आईला हेल्मेट घालायला द्या.

मास्तर_गोंदिया
सोमवारी रजा टाकतो. कागदाची प्रत पाठवा, आणि पूर्ण अंगाचे हार्नेस किती आहेत ते कळवा. माझ्याकडची नऊ पोरं आहेत, सगळ्यात लहान सहावीतलं.